डायलिसिसच्या खुर्चीवरची प्रार्थना

किडनीच्या डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढलं की ख्रिस्ती घरात पहिली प्रार्थना ठरलेली: प्रभू, हे टळू दे. ती जरूर करावी. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तीही तीनदा. पण टळू दे म्हणता म्हणता फिस्टुला करून घ्यायचा राहून गेला, की पुढचं सगळं जड जातं. आमच्या घरी हे सगळं सुरू आहे, मंडळीतल्या इतर घरांतही बघतो आहोत, म्हणून कोल्हापुरात याच वाटेवर निघालेल्यांसाठी हे लिहीत आहोत.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकांना जोडायची छोटी शस्त्रक्रिया. ज्या हाताने कामं कमी करतो त्या हातावर शक्यतो करतात. शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला 6 ते 8 आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. तोवर डायलिसिसची वेळ आलीच तर मानेत कॅथेटर म्हणजे नळी घालावी लागते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, मशीन लावलं की हुडहुडी भरून ताप येतो, आणि मग अँटिबायोटिकचा वेगळा खर्च मागे लागतो. म्हणून क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) चढायला लागल्यापासूनच एक हात राखून ठेवायचा. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टाही नाही. कोणी नवीन सिस्टर आल्या तर आपणच आधी सांगायचं.

यावर मंडळीत एक प्रश्न हमखास येतो: आधीच ऑपरेशन करून घेतलं म्हणजे देव बरं करील यावर विश्वास नाही असं झालं का? याचं उत्तर यशयाच्या 38व्या अध्यायात आहे. हिज्किया राजा मरणाच्या दारात होता. त्याला 15 वर्षं वाढवून देण्याचं वचन मिळालं, आणि तरी त्याच अध्यायात संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप करून गळवावर लावा. वचन देवाचं आणि लेप अंजिरांचा, यात तिथे कोणाला विसंगती दिसलेली नाही.

फिस्टुला झाला की एक नवी सवय लागते आणि ती आयुष्यभर सुटत नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना दुसऱ्या हाताची बोटं त्या जागी हलकी ठेवायची. कातडीखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. ती लागली तर फिस्टुला चालू आहे. नाही लागली, किंवा नेहमीपेक्षा अगदीच मंद वाटली, तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघत बसायचं नाही, लगेच सेंटरला फोन करायचा. रक्ताची गुठळी काही तासांत काढली तर फिस्टुला वाचण्याची आशा असते. त्या हातावर डोकं ठेवून झोपणं, घट्ट बांगड्या, घड्याळ, भाजीची जड पिशवी, हे सगळं बंद.

घरातल्यांनी सकाळची प्रार्थना याच तपासणीला जोडून घ्यावी. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे विलापगीताच्या 3ऱ्या अध्यायातलं वचन कॅलेंडरवर फुलांच्या फोटोखाली छापलेलं असतं, त्यामुळे ते आनंदाच्या दिवशी लिहिलं असावं असं वाटतं. मुळात ते जळून गेलेल्या यरुशलेमेवरचं शोकगीत आहे. त्या अध्यायात 66 ओव्या आहेत आणि हे वचन 22व्या, 23व्या ओवीत येतं. त्याआधी बोलणारा माणूस सरळ म्हणतो की देवाने मला अंधारात चालवलं, माझी हाडं मोडली, मी हाका मारल्या तरी माझी प्रार्थना आत येऊ दिली नाही. एवढं सगळं तोंडावर बोलून झाल्यावर तो देवाच्या विश्वासूपणाकडे वळतो. पुढच्या ओव्यांत रडणं पुन्हा आहेच. त्यामुळे वळल्यावरही एखाद्या मंगळवारी परत रडू आलं, तर आपला विश्वास गेला असं समजायचं कारण नाही.

आता खुर्चीवरच्या वेळेबद्दल. बहुतेकांना आठवड्यातून 2 किंवा 3 वेळा, दर वेळी 4 तास. गेल्यावर आधी वजन, मग बीपी. नंतर फिस्टुलात दोन सुया घालतात, एक रक्त मशीनकडे नेणारी आणि दुसरी परत आणणारी. या सुया सलाईनच्या सुईपेक्षा बऱ्याच जाड असतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. मिनिटाला 250 ते 350 मिली रक्त फिरत राहतं. सुईचा हात चारही तास हलवायचा नाही, म्हणून जाड बायबल उपयोगाचं नाही. एका हाताने पान उलटत नाही आणि छातीवर वजन येतं. स्तोत्रसंहिता आणि नवा करार असलेली पातळ प्रत, नाहीतर मोबाईलवरचा ऑडिओ आणि एकाच कानात इअरफोन. दुसरा कान मशीनच्या अलार्मसाठी आणि सिस्टरांसाठी मोकळा हवा. एसीची थंडी आणि शरीराबाहेर फिरून आलेलं रक्त यांमुळे गारठा वाजतो, शाल न्यायचीच.

चार तास म्हणजे वाचनाला भरपूर वेळ, असं बाहेरून वाटतं. तसं होत नाही. पहिला अर्धा तास सुया, गडबड आणि शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटची विचारपूस यात जातो. मधले दीड-दोन तास बरे असतात, काही सलग वाचायचं तर तेव्हाच. शेवटच्या तासात बीपी उतरायला लागतं, जांभया येतात, घाम सुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात. जांभया आणि घाम दिसताच सांगायचं. दाताखाली धरून सहन करण्यात आध्यात्मिक काही नाही. सिस्टर पाणी ओढण्याचा वेग कमी करतात, पाय वर करतात, लागलं तर थोडं सलाईन सोडतात आणि पाच मिनिटांत बरं वाटतं.

त्या शेवटच्या तासासाठी लांब प्रार्थना निरुपयोगी. स्तोत्र 13 फक्त 6 ओव्यांचं आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा विचारतं, कोठवर? ते पाठ करून ठेवावं. सोबतीला कोणी आत बसू देत असतील तर स्तोत्र 136 घ्यावं. 26 ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हे एकच पालुपद. प्रत्येक ओवीचा पहिला अर्धा सोबत्याने वाचायचा, उरलेलं पालुपद पेशंटने म्हणायचं. ग्लानीतही तेवढं जमतं. आणि काहीच म्हणवत नसेल त्या दिवशी स्तोत्र 88, जे अंधारावरच संपतं. शेवटी उजेडाची ओळ नसलेली प्रार्थनाही पवित्र शास्त्रात ठेवली गेली आहे, याचा आधार वाईट दिवशी किती वाटतो ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही.

सुया काढल्यावर त्या जागा 10 ते 15 मिनिटं दाबून धराव्या लागतात. त्या संध्याकाळी माणूस थकून जातो. पाळकसाहेबांना आणि प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींना स्पष्ट सांगून ठेवावं की घरची प्रार्थनासभा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. भेटायला येणारे त्याच संध्याकाळी उत्साहाने येतात, तीन गीतं म्हणतात आणि पेशंट भिंतीला टेकून कसाबसा बसलेला असतो.

खरा झगडा मात्र खुर्चीवरचा नसतो, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांचा असतो, आणि तो पाण्याशी असतो. लघवी होत असेल तर दिवसभरात जेवढी होते तेवढं अधिक साधारण 500 मिली, हे पाण्याचं ढोबळ माप. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांचा. त्यात चहा, ताक, डाळीचं पाणी, आमटी, आइस्क्रीम आणि गोळ्यांबरोबरचा घोट सगळं धरायचं. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन 2 ते अडीच किलोच्या आत वाढलं तर ठीक. मशीनने तासाला दर किलो वजनामागे 13 मिलीपेक्षा जास्त पाणी काढू नये असा संकेत आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाचं चार तासांत तीन लिटरच्या आसपास निघतं. चार किलो वाढवून गेलात तर एक तर उरलेलं पाणी अंगात राहतं, नाहीतर ओढून काढताना बीपी कोसळतं.

कोल्हापुरात हे पाळणं म्हणजे परीक्षाच. पांढरा रस्सा हे पाणीच आहे, तांबडाही पाणीच. वाटी दीडशे मिलीची असेल आणि आग्रहाने तीन वाट्या झाल्या तर दिवसाचं निम्मं माप तिथेच संपलं. शिवाय मीठ, आणि मिठाने पुन्हा तहान. रश्श्यातले मटणाचे तुकडे घ्या, रस्सा ठेवा. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, किलोमागे दिवसाला साधारण 1 ते 1.2 ग्रॅम. पण डायलिसिसच्या आधी सांगितलेलं प्रथिनं कमी करायचं पथ्य अनेक घरांत नंतरही चालू राहतं आणि पेशंट खंगत जातो. शहाळं, केळी, सुकामेवा, गुळाचा मोठा खडा यांत पोटॅशियम असतं आणि ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. आजारी माणसाला भेटायला शहाळं घेऊन जायची आपली रीत, पण या आजारात ती नको. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम घातलेलं असतं, तेही नको. भाज्या बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायच्या आणि तेही फेकायचं. चव जाते. लसूण, लिंबाचे दोन थेंब आणि मिरपूड यांवर भागवावं लागतं.

सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून भरून ठेवायचं. घोट कुठूनही घेतला तरी तेवढं पाणी त्या बाटलीतून काढून टाकायचं. बाटली संपली की दिवसाचं संपलं. याचं वाचन निर्गमाच्या 16व्या अध्यायातून करावं. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न म्हणजे मान्ना, माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), रोज सकाळी. उद्यासाठी ठेवला तर किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा तेवढा टिकला. लोकांना पोत्याने धान्य देऊन एकदाच मोकळं करणं देवाला अशक्य नव्हतं. पण त्याने रोजचं रोज दिलं आणि रोज सकाळी तंबूबाहेर यायला लावलं. वर्षभराचं बळ एकदम मागणारी प्रार्थना इथे टिकत नाही, पुढच्या डायलिसिसपर्यंतचं मागणारी टिकते. म्हणून प्रार्थनेच्या विषयांत आम्ही फक्त येत्या दोन-तीन दिवसांचं लिहितो: सुई नीट लागू दे, वजन अडीचच्या आत राहू दे, रिक्षा वेळेवर मिळू दे.

पैशाचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि रिपोर्टची फाईल घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, हा सगळ्यात नेहमीचा अडथळा. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं नाव एकीकडे आणि शाळेतलं नाव दुसरीकडे असल्याने तो जास्तच येतो. ते आधी दुरुस्त करून घ्या, मंजुरी अडकल्यावर धावपळ करू नका. योजनेत बसलं तरी जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन्ही वेळच्या सोबतीची बुडालेली मजुरी आपलीच, काही तपासण्या आणि रक्तवाढीची इंजेक्शनंही पुष्कळदा आपल्याच माथी. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात दाखला दाखवून विचारावं. मंडळीच्या मदतनिधीतून मागायचं असेल तर महिन्याचा खर्च कागदावर लिहून द्यावा. मोघम अडचण सांगितली की एकदाच रक्कम मिळते आणि विषय संपतो. महिन्याला एवढ्या रिक्षाफेऱ्या, एवढी इंजेक्शनं असा हिशोब दिला की दोन कुटुंबं मिळून एक बाब उचलतात.

1 राजे 17मध्ये एलीया संदेष्ट्याला देवानेच करीथ ओहोळाजवळ पाठवलं, कावळ्यांकरवी भाकर पुरवली, आणि काही काळाने तो ओहोळ आटला. देवाने दाखवलेला ओहोळ आटला! हे नीट वाचायला हवं, कारण मदत करणारा भाऊ दूर बदलीवर जातो, ठरलेलं सेंटर काही दिवस बंद राहतं, तेव्हा देवच मागे फिरला असं वाटतं. एलीयाला पुढचा पत्ता ओहोळ आटल्यावर मिळाला, सारफथच्या विधवेचा. तिथेही पिठाचं मडकं काठोकाठ भरल्याचं लिहिलेलं नाही. ते संपलं नाही, एवढंच लिहिलं आहे.

यासाठी एक वही करावी. एका पानावर तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी. समोरच्या पानावर त्या दिवसाचं मागणं आणि त्याचं काय झालं ते. शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्या मध्ये दगड उभारून त्याला एबन-एजर म्हटलं, परमेश्वराने इथवर साहाय्य केलं म्हणून. वहीचं काम तेच, इथवरचं दाखवायचं. वही बिघडते ती चांगलं तेवढंच लिहिल्याने. सुई तीनदा टोचावी लागली, उत्तर आलं नाही, देवाचा राग आला, हेही तारखेसकट लिहायचं. नुसत्या स्तुतीची वही महिन्याभरात खोटी वाटायला लागते आणि कोणी उघडत नाही.

आता नाजूक विषय. कोणीतरी येऊन सांगणारच की विश्वास पूर्ण असता तर मशीन लागलं नसतं, एक आठवडा डायलिसिस थांबवा आणि देवाचं सामर्थ्य बघा. यावर नम्रपणे आणि ठाम नाही म्हणायचं. दोन-तीन डायलिसिस चुकले की फुफ्फुसात पाणी भरतं, आडवं पडता येत नाही, पोटॅशियम चढतं, आणि मग मध्यरात्री इमर्जन्सीत पळावं लागतं. कधी तेवढाही वेळ मिळत नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्याची विनंती तीनदा केली, काटा राहिला आणि कृपा मिळाली. सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं होतं, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून कळवलं. पौलाचा विश्वास कमी होता असं या पाहुण्यांनाही म्हणवणार नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तेवढंच त्यांचं चांगलं झालं. बोलायला लागले आणि बिघडलं.

किडनी बदलण्याची नोंदणी रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते. यादीत नाव असताना प्रार्थना काय करायची हे अवघड असतं, कारण किडनी येणार ती कुणाच्या तरी घरच्या मृत्यूतून. आम्ही त्या अनोळखी घरासाठीच प्रार्थना करतो, त्यांना सावरण्याची शक्ती मिळावी म्हणून.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच करावी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 आणि 2021 दोन्ही वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आणि उपसा केंद्रं बुडाल्याने शहराचा नळच बंद पडला. एका डायलिसिसला 120 लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं, त्यामुळे सेंटर कोरडं असूनही मशीन थांबू शकतं. पातळी 39ला पोचली की सेंटरला फोन करून डायलिसिसची पाळी अलीकडे घेता येते का विचारायचं. नदीपलीकडच्या गावात राहत असाल तर शहरातल्या उंच भागातल्या नातेवाइकाकडे आधीच यायचं. फाईलची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत: शेवटचा डायलिसिस चार्ट, कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, हे नसतील तर दुसरं सेंटर मशीनवर घेत नाही. पोटॅशियम उतरवणारी पावडर डॉक्टरांना विचारून घरात ठेवायची. पाळी लांबणार असं दिसलं की फळं पूर्ण बंद आणि पाणी निम्म्यावर.

सणांचंही नियोजन लागतं. प्रभुभोजनाचा पेला एवढासा, त्याची चिंता नको. उपवासकाळात उपाशी राहणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही, त्याऐवजी दुसरं काही सोडावं. गुड फ्रायडेची उपासना 12 ते 3, आणि शुक्रवारची पाळी नेमकी त्यावर येते. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांनी दोन आठवडे आधी टेक्निशियनना विचारून सकाळची पाळी मागावी. मिळाली नाही तर डायलिसिस चुकवायचं नाही, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार खुर्चीवर वाचायचे. पाचवा तहानेचा आहे. त्यावर डायलिसिसच्या पेशंटला वेगळा संदेश द्यावा लागत नाही. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला मात्र जरूर जावं, शुक्रवारी डायलिसिस झालेलं असेल तर रविवारी पहाटे अंगात पाणी फार साठलेलं नसतं. नंतर मिळणारा चहा अर्धाच घ्यायचा आणि घरी आल्यावर तेवढा बाटलीतून कमी करायचा.